तळाचा ओंडका

"क्षिप्रा, वरचं राहू दे. स्क्रूड्रायव्हर घे आणि अगदी तळाच्या ओंडक्यात खुपस!" प्रबोध व्हिडिओ कॉलवर ओरडला.

"अहो, तिला पेन्सिल्व्हेनियात फोनशिवायही ऐकू गेलं असेल," स्वयंपाकघरातून त्याची बायको प्रणिता म्हणाली. पाऊस आला म्हणून तिनं खिडकीबाहेरच्या बांबूवरचे ओले कपडे नुकतेच आत ओढले होते. "हे कुठे वाळत घालू? क्षिप्राच्या खोलीत..."

"तिच्या खोलीत नाही म्हटलं ना!"

सिंगापूरच्या टॅम्पिनीसमधल्या त्या फ्लॅटमध्ये लेकीची खोली प्रबोधनं कायम जमेच्या बाजूला धरलेली. पोरगी परत येणार. पण पोरीनं अमेरिकेत जुनं घर घेतलं आणि गेल्या आठवड्यात भिंत फोडली, तर आत दुसरंच घर निघालं! जंगल तोडून पहिल्यांदा राहायला आलेल्यांनी कुऱ्हाडीनं तासलेल्या ओंडक्यांचं. बरे दिवस आल्यावर त्यांच्याच नातवंडांनी लाजेपोटी ते फळ्यांखाली झाकलेलं.

तेव्हापासून प्रबोध खिडकी ते दार येरझाऱ्या घालत ओंडक्यांच्या घरांविषयी वाचत सुटला होता. लेकीला वाटलं, बाबांना गोडी लागली. बाबांचा जन्म ऑडिटमध्ये गेलेला. ते खोट शोधत होते. ती सापडलीही: अशी घरं जमिनीलगत कुजतात. घर कुजकं निघालं की पोरगी घरी.

"बाबा, गेला! मुठीपर्यंत आत गेला."

"अरेरे," प्रबोध म्हणाला. चेहरा मात्र ताळेबंद जुळल्यासारखा. "मग विकून टाक ते. ये इकडे."

"विकू कशाला? रिपेअर होतं, चिल लाह! सुतार म्हणतो, जॅक लावून घर उचलायचं आणि तेवढाच ओंडका बदलायचा. कोपऱ्यात ओंडके नुसते खाचांत अडकवलेत, वरच्याला धक्काही लागत नाही. जुने लोकही असंच करायचे."

हे प्रबोधच्याही वाचनात आलं होतं. पण खोट शोधणारा माणूस दुरुस्तीचं पान भरभर उलटतो.

"आई, नवा ओंडका दाराखाली येतोय. म्हणजे आपला उंबरठाच ना? त्याला काय लावायचं?"

"हळदकुंकू. आणि..." प्रणितानं नवऱ्याकडे पाहिलं. "बाबांना विचार."

प्रबोध उठला, खिडकीशी गेला, परत आला.

"लाकूड वाळलेलं घे," तो म्हणाला. इतक्या हळू, की प्रणिता हातातलं काम टाकून बाहेर आली. "ओलं बसवलंस तर मागनं आकसतं. फट पडते."

फोन ठेवून त्यानं क्षिप्राच्या खोलीचं दार उघडलं. कपडे वाळवायचा स्टँड आत नेऊन पलंगाशेजारी उभा केला. आपला ओला शर्ट झटकून त्यावर पसरला, बाह्या सरळ केल्या.

"आण बाकीचे," तो म्हणाला.