फाटकाजवळचे उलटे गवत

मी एक जुना पट्टा आहे, खोट्या गवताचा. खोटा म्हटल्यावर ज्यांना नाक मुरडायचे असेल त्यांनी आताच मुरडून घ्यावे आणि मग निवांत ऐकावे. एकदा एका शेळीनेही माझा घास घेऊन पाहिला आणि तोंड वाकडे करून ती निघून गेली. मला त्याचे काही वाटले नाही. मी कुणाच्या पोटात जाण्यासाठी जन्मलेलोच नाही.

माझा जन्म कारखान्यात झाला. प्लास्टिकचे दाणे वितळवून त्यांचे हिरवे धागे काढले, ते सुयांनी जाड कापडात टोचले आणि पाठीला रबराचा लेप दिला. मग गुंडाळी करून मला या घरी आणले. इथे फाटकापासून पोर्चपर्यंत गाडीसाठी सिमेंटची वाट आहे. तिच्या एका कडेने मला अंथरले. मालक मोठे हौशी. "पाणी नको, खत नको, कापणी नको," असे म्हणत ते आल्यागेल्यासमोर माझे गोडवे गायचे. पण मित्रांनो, नव्याचे नऊ दिवस. पुढे माझ्यावर साचलेला पाला झाडायलाही कुणाला सवड होईना.

तेही एक वेळ चालले असते. पण रस्त्यावरून गाडी आत घेताना फाटकाजवळ कोपरा कापायची मालकांना खोड होती. रोज एक चाक माझ्या काठावरून जायचे. काठ सुटला, दोरे निघाले, खालची खडी बाहेर डोकावू लागली. मालकांनी चपला चिकटवायचा गोंद आणला आणि धूळ न पुसताच फासला. गोंद धुळीला चिकटला, मला नाही. मग त्यांनी काठावर एक कुंडी ठेवली. ती त्यांच्याच गाडीखाली फुटली. दोष अर्थातच माझा. "खोटी वस्तू ती खोटीच," असे म्हणून ते मोकळे झाले.

अशात घरी आत्या राहायला आली. ती मालकांची थोरली बहीण. घरातली छोटी तिला आत्या म्हणते, म्हणून मीही आत्याच म्हणतो. तिची नजर हळूहळू गेली होती. आता उजेड आणि अंधार तेवढा कळायचा. पण जन्मभर आपल्या हिमतीवर वावरलेली बाई ती. ऊठसूट कुणी दंडाला धरून न्यायचे, हे तिला मुळीच सोसत नसे. एक दिवस ऊन उतरल्यावर ती चपला काढून एकटीच पायऱ्या उतरली. तिचा डावा पाय माझ्यावर पडला आणि उजवा सिमेंटवर. एका पायाला मऊ लागत होते, दुसऱ्याला कडक. ती थांबली, गालात हसली आणि तशीच फाटकापर्यंत चालत गेली. तेव्हापासून छोटी शाळेच्या बसमधून उतरायची, तेव्हा आत्या फाटकात उभी असायची. माझे कौतुक पूर्वी पुष्कळ झाले होते, पण माझ्या भरवशावर पाऊल टाकणारी तीच पहिली. मला फार अभिमान वाटला.

आणि एके दिवशी त्याच उचकटलेल्या काठात तिचा अंगठा अडकला. ती पडली. गुडघा आणि कोपर सोलून निघाले. मालक धावत आले.

"बस झालं. उद्याच हा पट्टा काढतो आणि सगळीकडे सिमेंट करून टाकतो," ते म्हणाले. "आणि ताई, आजपासून तू एकटीनं बाहेर यायचं नाही."

आत्या खाली बसूनच गुडघा चोळत होती. "सगळं सिमेंट केलंस तर मला वाट कशी कळणार?"

"आम्ही आहोत ना हात धरायला."

"तेच नकोय मला. काठ कुणी उचकटला? तुझ्या गाडीनं. मग कोंडून मला का ठेवतोस?"

"अगं, पुन्हा पडलीस तर?"

"पडले तर उठेन. तू काठ नीट करून घे."

मला हात असते तर मी टाळ्या पिटल्या असत्या. मालकांना बहिणीची काळजी होती, हे मी नाकारत नाही. पण काळजीच्या नावाखाली माणसाला डांबून ठेवायचे, हे मला पटत नाही. शेवटी मालकांनी मला अंथरणाऱ्या गवतवाल्याला फोन लावला.

गवतवाल्याने फाटलेला भाग सरळ कापून टाकला. जुना गोंद खरवडला, खड्ड्यात बारीक खडी भरली आणि ती ठोकून सपाट केली. नवा तुकडा बसवून सांध्याखाली गोंद फासून चिकटपट्टी लावली, कडेने खिळे ठोकले आणि त्यांची डोकी धाग्यांत लपवली. गोंद वाळेपर्यंत मालकांना गाडी रस्त्यावर ठेवावी लागली. बरे झाले.

मग आत्या चालत आली. फाटकाच्या अलीकडे तिचा पाय थबकला.

"इथं गवत उलटं आहे," ती म्हणाली.

गवतवाला खाली वाकला आणि त्याचा चेहरा उतरला. आमची पाती एकाच बाजूला कललेली असतात. माझी रस्त्याकडे कलतात. नवा तुकडा त्याने फिरवून बसवला होता, त्यामुळे त्याची पाती फाटकाकडे निघालेल्या पावलाला सामोरी येत होती.

"चूक झाली," तो म्हणाला. "उपटून पुन्हा लावतो."

"लावाच," मालक चिडून म्हणाले. "रंगसुद्धा वेगळा दिसतोय."

आत्या चार पावले मागे गेली आणि पुन्हा आली. तुकडा पायाला लागताच थांबली आणि तिने हात पुढे केला. तो थेट फाटकाच्या कडीवर पडला. एरवी ती फाटक हवेत चाचपडत शोधायची. एकदा तर तिचे कपाळही आपटले होते.

"राहू दे," ती म्हणाली. "आता फाटक आलं की पायालाच कळतं."

"अगं, पण वाईट दिसेल."

"कुणाला?" आत्याने विचारले.

गवतवाल्याने आपली हत्यारे गोळा केली.

मित्रांनो, येणारेजाणारे अजून म्हणतात, फाटकाजवळ उलटे ठिगळ लागले आहे. म्हणू देत. मी बदलणार नाही. मालक आता चाक लांबून वळवतात, तसे तुम्हीही वळवा. काही चिकटवायचे असेल तर आधी धूळ पुसा. आणि एखादी वस्तू फेकायला निघालात, तर तिच्यावर कुणाचे पाऊल आहे ते घरात विचारून घ्या.

कालच छोटी बसमधून उतरली आणि तिने मोठ्या माणसाच्या ऐटीत हात पुढे केला. "आत्या, चल, मी धरते तुला."

"दप्तर दे," आत्या म्हणाली. "हात नको."

दप्तर खांद्याला अडकवून ती माझ्यावरून घराकडे निघाली, आणि छोटी तिच्या मागून.