लाल डब्यात गेलेला आवाज

मित्रांनो, मी एक जुना माईक आहे. माझा मालक अनिस. एका गाण्यातून त्याला काय मिळणार होतं ते आधी सांगतो, म्हणजे पुढचा हिशेब चुकणार नाही. एक तर नाव. शिवाय वरातींसाठी त्याच त्या गाण्यांना ठेका लावत बसण्यातून सुटका. आणि सगळ्यात मोठी कमाई म्हणजे अब्बांचं तोंड बंद. कासारवाडीत खाली अब्बांचं, म्हणजे इनायतचाचांचं गॅरेज, वर पत्र्याच्या खोलीत आमचा स्टुडिओ. वर काय चालतं असं गिऱ्हाइकाने विचारलं, की चाचा म्हणायचे, "पोरगा भोंगे दुरुस्त करतो."

मी काही जन्मापासून इथला नाही. पहिला मालक ऑर्केस्ट्रावाला. माझ्यासमोर गायकांनी तान मारली, पुढाऱ्यांनी थाप मारली. माझ्या जाळीवर थुंकी दोघांचीही सारखीच उडाली. ऑर्केस्ट्रा मोडला आणि मी पोत्यात गेलो. अनिसने मला भोसरीच्या जुन्या बाजारातून उचललं, जाळी घासली, वायर बदलली आणि म्हणाला, "राव, याला तर मुंगीचं पाऊल ऐकू येतं." कौतुक कुणाला नको असतं? पण आम्हा माईकांना पोट नसतं. जे ऐकू येतं ते वायरीतून पुढे जातं. परत ऐकवण्यासारखं आमच्याकडे काही उरत नाही.

मग दिघीची मैत्री नावाची मुलगी आली. ती आयर्लंडमध्ये नर्स होती. तिथल्या वृद्धाश्रमात नोराआजी नावाच्या एक बाई होत्या. त्या आपल्या जुन्या भाषेतली गाणी नुसत्या गळ्यावर गायच्या. पेटी नाही, तबला नाही. त्यांच्याकडे अशी रीत, की गाणाऱ्याचा हात ऐकणाऱ्याने हातात घ्यायचा आणि गाणं संपेपर्यंत हळूहळू गोल फिरवायचा. आणखी एक रीत. शेवटची ओळ गायची नाही, साधी बोलायची. आजी गेल्या तेव्हा त्यांचा हात मैत्रीच्याच हातात होता. त्यांचं एक गाणं तिने शिकून घेतलं होतं. सुट्टीवर आली तेव्हा म्हणाली, "अनिसभाऊ, याला आजचा ठेका द्या. नाहीतर आजच्या पोरांच्या कानात हे शिरायचं नाही."

गुरुवारी गॅरेज बंद असतं, म्हणून गुरुवार ठरला. हात धरायला तिने आईला आणलं, कस्तुराकाकूंना.

"मला काय कळतंय त्या भाषेतलं?" काकू म्हणाल्या.

"कळायचं नाही, आई. नुसता हात फिरवायचा."

काकूंनी अर्धं आयुष्य चाकणच्या एका कंपनीत गाड्यांच्या वायरींवर टेप गुंडाळण्यात घालवलं होतं. हात गोल फिरवणं त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती. मैत्री गाऊ लागली. दुसऱ्या कडव्याला मला आणखी एक आवाज आला. काकू घुमत होत्या. एकाच पट्टीत, नाकातून, लांबवर मशीन चालू असावं तसं. आणि मैत्रीचा सूर त्या आवाजाला टेकला, दमलेलं माणूस भिंतीला टेकतं तसा.

गाणं संपलं. "आई, तू गातेस?"

"न्हाई बाई. माझं तोंड तर बंद होतं."

मैत्री हसत हसत चहा सांगायला खाली गेली. अनिस म्हणाला, "काकू, जरा गप्प बसा हं. मागची खरखर काढायला मला रिकाम्या खोलीचा आवाज घ्यायचाय." त्याने बटण दाबलं. पण कस्तुराकाकूंना गप्प राहवेना.

"अनिस, ते माझं घुमणं काढून टाक."

"छान आलंय की, काकू."

"छान कसलं रं. कंपनीत पुढं मी माल तपासायला होते. ज्यात खोट, तो लाल डब्यात. पोरीचं गाणं चोख हाय. खोट माझी हाय. टाक लाल डब्यात. आन तिला सांगू नगंस, आडवी यील ती."

वडीलधाऱ्या माणसाचा शब्द. अनिसने मानला. गुंतलेल्या वायरी सोडवाव्यात तसे त्याने कॉम्प्युटरवर दोन आवाज सोडवले, मैत्रीचा ठेवला, त्याखाली खोल ठेका भरला. काम पोचलं की कच्चा माल पुसून जागा मोकळी करायची, ही गॅरेजची शिस्त त्याच्या अंगातच होती. मूळ रेकॉर्डिंगही त्याने पुसलं. मैत्री तोवर परत गेली होती. तयार गाण्यात तिला आईचा आवाज सापडला नाही. ठेक्याखाली दबला असेल, असं तिला वाटलं. मूळ तर आहेच अनिसभाऊंकडे.

गाणं चाललं. सांगवीत पोरांच्या फोनवर वाजलं, तळेगावात लग्नात वाजलं. शब्द कुणाला कळले नाहीत, पाय मात्र सगळ्यांचे हलले. चाचा गिऱ्हाइकांना सांगू लागले, "वर आमचा पोरगा असतो. संगीतकार."

पुढच्या वर्षी कस्तुराकाकू गेल्या.

आईच्या पुण्यानुमोदनाचा विधी झाल्यावर मैत्री जिना चढून आली. "फोटो आहेत, अनिसभाऊ. आवाज नाही कुठे. रोज फोन करायचे, पण तो साठवून ठेवायचं कधी सुचलंच नाही. ते दुसरं कडवं द्या."

अनिसने सगळं खरं सांगितलं. ती ओरडली नाही, एवढंच म्हणाली, "तुम्ही तिचं ऐकलंत. मला एकदा विचारायचं तरी."

त्याने दिवसभर कॉम्प्युटर धुंडाळला. शेवटी एक तुकडा निघाला. रिकाम्या खोलीचा. काकू मध्येच बोलल्यामुळे वाया गेलेला, म्हणून कुठेतरी कोपऱ्यात पडून राहिलेला. त्याने तो लावला. मैत्रीने तो ऐकला, आपल्या फोनवर घेतला, मग पुन्हा ऐकला. ऐकताना ती माझी वायर मनगटाभोवती गुंडाळत होती, हळूहळू, गोल गोल. ते घुमणं मला अजून आठवतं, मित्रांनो. पण मला ते तिला देता आलं नाही.

त्यानंतर अनिसने मला स्टँडवर लावलं नाही. फडक्यात गुंडाळून खिळ्याला अडकवलंय. तुमच्याही घरात भाकरी थापताना, शिफ्टवरून आल्यावर पाय चेपताना कुणीतरी घुमत असेल. मला कुठे गाता येतं, असं ते माणूस म्हणेल. स्वतःचा माल तपासायला ते बसलं, की त्याचा निकाल मानू नका. तो आवाज जपून ठेवा.

आता नोराआजींच्या रीतीप्रमाणे शेवटचं साधं बोलतो. नाव अनिसला मिळालं. नाचायला लोकांना मिळालं. खोट कस्तुराकाकूंनी आपल्या नावावर घेतली. ती खोट भरते आहे मैत्री. आईची आठवण आली की तिला दर वेळी एवढंच ऐकायला मिळतं: "टाक लाल डब्यात."