सहा वाक्यांची काटकसर

नाटकातून चार पात्रे काढली आणि नाटकाचा खर्च वाढला.

आधीचे अंदाजपत्रक मी केले होते, नंतरचेही मीच. पाणी तपासण्याच्या प्रयोगशाळेत मी नोकरी करतो. आकडा पटला नाही तर आधी उपकरणावर संशय घ्यावा, मग स्वतःवर, ही आमची रीत. दोन्ही संशय घेऊन झाले, पण आकडा हलला नाही.

मंडळ माझ्या थोरल्या बहिणीचे. नाटक बसवते ती, मुख्य भूमिका तिची आणि पदरमोडही तिचीच. यंदा तिच्या स्वरयंत्रावर गाठ निघाली. शस्त्रक्रियेनंतर आवाज राहील का, या प्रश्नावर सर्जनने रिपोर्ट पुन्हा एकदा वाचायला घेतला. शस्त्रक्रियेच्या आदल्या शनिवारचे सभागृह आम्हाला मिळाले. त्या संध्याकाळी ताईला स्वतःच्या आवाजात एकदा उभे राहायचे होते.

"तुझे प्रयोग निवृत्तीपर्यंत चालतील," ती म्हणाली. "माझा हा एकच. पैशांचं तेवढं तू बघ."

हिशेब प्रथमच माझ्याकडे आला होता. माझी स्वतःची शिल्लक रुग्णालयाच्या आगाऊ रकमेत गेली होती. सभागृहाचे अर्धे भाडे भरले होते, उरलेले तिकिटांतून उभे करायचे होते. पोशाख, रंगभूषा, जेवण हे खर्च माणसागणिक वाढतात. तेव्हा माणसे कमी करणे ओघाने आले. चार पात्रांना मिळून सहा वाक्ये होती. टपालवाला "पत्र आहे" एवढेच म्हणत असे. शेजारी तर नुसता खोकून मग एक वाक्य बोले, तेही विंगेतून.

"काढ," ताई म्हणाली. डॉक्टरांनी बोलणे कमी करायला सांगितल्यापासून तिने वाद घालणे सोडले होते. "पण सांगायचं तू. माझ्याच्यानं नाही होणार."

मी चौघांनाही फोनवर एकच वाक्य सांगितले: "या वेळी नाटकात तुमचं काम नाही."

पुढच्या आठवड्यात सुताराला मोठे गिऱ्हाईक मिळाले, शिवणकाम करणाऱ्या बाईंची पाठ धरली, वायरमनला परगावी जावे लागले आणि तिकिटे खपवणाऱ्या ग्रंथपालबाईंना वेळ उरला नाही. हेच ते चौघे. एकाच वेळी चार स्वतंत्र अडचणी येण्याची शक्यता कमी असते, शून्य नसते, अशी मी स्वतःची समजूत घातली. नेपथ्य, पोशाख, दिवे सारे बाहेरून मागवावे लागले. त्या दरपत्रकांनी माझ्या काटकसरीचे दिवाळे काढले.

शेवटी मी सुताराच्या कारखान्यात गेलो. एका नाटकात ते तीन मिनिटे राजा झाले होते. तेव्हापासून सगळे त्यांना राजे म्हणतात.

"या, खजिनदार. त्या खुर्चीवर नका बसू, तिचा डिंक ओला आहे."

"राजे, नेपथ्याचं काही जमेल का? दर सांगा."

"दर? आजवर कुणी विचारला नाही."

"आजवर तुम्ही फुकट करत होता."

त्यांनी रंधा थांबवला. "फुकट कसलं? दरवर्षी मला काम होतं. यंदा तुम्हीच कळवलंत, काम नाही. मग नाही केलं."

"अहो, मी टपालवाल्याच्या कामाचं म्हणत होतो."

"मग मी कोणाच्या कामाचं म्हणतोय? बायको, मेहुणे, साडू, त्यांची पोरं, सगळी पलटण तिकीट काढून यायची. माझं 'पत्र आहे' ऐकायला. आता काय, मी ठोकलेली भिंत बघायला येतील?"

"तसं माझ्या मनात नव्हतं."

"मनातलं फोनवर ऐकू येत नाही, खजिनदार."

टपालवाला परत घेतो, असे मी म्हणालो. मोघम नव्हे, स्पष्ट शब्दांत.

"उशीर केलात. पलीकडच्या मंडळात काम धरलंय आम्ही. चौघांनीही. प्रयोग त्याच शनिवारी. मला दोन वाक्यं आहेत." त्यांनी ती म्हणून दाखवली. वाईट नव्हती. "शब्द दिलाय, आता फिरवता नाही येणार. ताईंना..." ते थांबले आणि पुन्हा रंधा मारू लागले.

उरलेले भाडे उभे राहिले नाही, आणि ते भरायची मुदत काल संपली. सभागृह दुसऱ्या कोणाला तरी गेले. ताईला सांगायला गेलो तेव्हा गळ्याला रुमाल गुंडाळून ती आपली वाक्ये कुजबुजत पाठ करत होती. मी सांगितले. तिने संहिता मिटली.

"खर्च का वाढला, तेवढं तरी सांग," ती म्हणाली. "रागावणार नाही. रागवायला आवाज लागतो."

मी सांगितले ते असे. नाटकात काम करणे आणि नाटकाचे काम करणे, दोन्हींना आपण कामच म्हणतो. ते चौघे दुसरे काम देऊन पहिले घेत होते. मी पहिले काढून घेतले, तेव्हा दुसरे त्याच्याबरोबर गेले, आणि तिकिटे काढणारी त्यांची घरेही गेली. जुन्या हिशेबांत त्यांच्या नावांपुढे शून्य होते. ती मला देणगी वाटली. प्रत्यक्षात ती मजुरी होती, आणि मंडळ ती सहा वाक्यांत चुकती करत होते.