लिंबाची फोड

जेवायला बसलं की आमच्या ह्यांच्या ताटात मी लिंबाची फोड वाढतेच. आणि हे ती उचलून माझ्या ताटात ठेवतात. मला राग येतो. तुम्ही म्हणाल, एवढ्याशा फोडीवरून कसला राग? ऐका मग.

लग्न होऊन मी डोंबिवलीला आले ते एक्याऐंशी साली. हे, म्हणजे शिवराम, एमआयडीसीतल्या एका कंपनीत होते. घरात आम्ही दोघं आणि सासूबाई, आवडाबाई. मूळ कोकणातलं घर, आंबटाशिवाय कालवण नाही. त्यात ह्यांना आंबटाचं वेडच. मीठ लावून कैरी, आवळा तर नुसताच, पेरू कच्चा असला तरी चालेल. मी चिडवायची, "अहो, डोहाळे मला लागायचे की तुम्हाला?" हे हसायचे. ते हसणं मला फार आवडायचं.

मग पहिलं पोर तिसऱ्या महिन्यात गेलं. एकदा झालं की लोक म्हणतात, होतं असं. दुसऱ्यांदा गेलं तेव्हा चाळीतल्या बायकांनी मला डोहाळजेवणांना बोलावणं बंद केलं. सासूबाईंनी माझं खाणंपिणं ताब्यात घेतलं. पपई नको, तीळ नको, उष्ण नको, थंड नको. माझ्या पोटात काय जातं यावर सगळ्या चाळीचा पहारा. ह्यांच्या पोटात काय जातं ते कोण विचारतंय? सकाळी चहा-बटर, दुपारी कंपनीच्या गेटवरचा वडापाव, वर विडी. पुरुषमाणसाला सगळं चालतं ना.

त्याच सुमारास ह्यांनी आंबट खाणं सोडलं. विचारलं तर म्हणाले, "दात आंबतात गं." बरं बाबा. मी ह्यांच्यापुरतं कोकम न घालता वेगळं कालवण करायला लागले. पेरू नको, संत्रं नको, आमटीतला टोमॅटोसुद्धा बाजूला काढायचे. तिशीतल्या माणसाचे दात असे कसे बिघडले, असं मनात यायचं. पण मी माझ्याच दुःखात बुडालेली, खोदून कुठे विचारणार?

तिसरंही गेलं. मग कितीतरी वर्षं काहीच नाही. त्र्याण्णवला ठाण्याच्या एका डॉक्टरीणबाईंचं नाव कोणी सांगितलं म्हणून गेलो. आधीच्या सगळ्या डॉक्टरांनी मलाच उलटंसुलटं करून तपासलेलं. या बाईंनी माझे कागद बघितले आणि खुर्ची ह्यांच्याकडे वळवली.

"यांच्यात काही दोष दिसत नाही. तुम्ही काय खाता ते सांगा."

ह्यांनी सांगितलं. चहा, वडापाव, भात, विड्या.

"फळं? लिंबू, आवळा, काही?"

हे मग खाली बघत म्हणाले, "सोडलंय. टिटवाळ्याच्या गणपतीपुढे बोललोय, मूल मांडीवर येईपर्यंत आंबट तोंडाला लावणार नाही."

आमच्यात नवस बोलताना आवडीची वस्तू सोडतात. आणि तो कोणाला सांगायचा नसतो, बायकोलाही नाही, सांगितला तर फळत नाही. म्हणजे इतकी वर्षं हा माणूस माझ्यासमोर बसून अळणी तोंडाने जेवत होता, ते माझ्यासाठी. मला रडू आलं, आणि असा संताप आला म्हणता की ह्यांना गदागदा हलवावंसं वाटलं.

बाईंनी शांतपणे समजावलं. बाळाचा अर्धा आराखडा बापाच्या बीजातून येतो. बापाच्या खाण्यात फळं नाहीत, वर विड्या, की तो आराखडा जागोजागी तुटू शकतो. लिंबा-आवळ्यातलं क जीवनसत्त्व त्याला सांभाळतं, असं हल्लीच्या संशोधनात दिसायला लागलंय. "याच्यामुळेच गर्भ गेले असं मी म्हणणार नाही," त्या म्हणाल्या. "पण विड्या सोडा आणि खाऊन बघा. आज खाल्लं आणि उद्या फरक पडला असं मात्र नसतं. नवीन बीज तयार व्हायला अडीच-तीन महिने जातात. तोवर थांबा."

घरी सासूबाई म्हणाल्या, "देवाला दिलेला शब्द मोडणार?" ह्यांची झोप उडाली. शेवटी रविवारी मीच टिटवाळ्याला घेऊन गेले. ह्यांनी देवाची माफी मागितली आणि देवळाबाहेर उभं राहून आवळा खाल्ला, डोळे मिटून. चेहरा कसा उजळला होता. लग्नातलं ते हसू मी परत बघितलं.

पण माझं नशीब बघा. मला तेव्हा आधीच दिवस गेले होते. आवळ्याच्या आधीचे, विड्या-वडापावातले. कळलं तेव्हा हे म्हणाले, "बघ, देवाने माफ केलं." मी म्हटलं, "अहो, हे आधीचं आहे, तुमच्या खाण्याचा याच्याशी संबंध नाही." ऐकतंय कोण? पिशव्या भरभरून संत्री आणायचे आणि माझ्यासमोर बसून खायचे.

तिसरा महिना भरायच्या आत तेही गेलं.

दवाखान्यात हे माझ्या उशाशी बसले आणि म्हणाले, "मी नवस मोडला." डॉक्टरीणबाईंनी बोटांवर महिने मोजून दाखवले. ह्यांनी मान डोलावली, पण त्यांच्या डोक्यात काही शिरलं नव्हतं. सासूबाई तर एक शब्द बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं, मला भांडता तरी आलं असतं.

मी किती विनवलं, की आता तीन महिने नीट खा, खरी वेळ तर आत्ता आलीय. हे म्हणाले, "आणि परत गेलं तर, सगुणा? माझ्या जिभेपायी आणखी एक जीव घालवू?" विडी सोडली. आंबट पुन्हा बंद केलं ते केलंच.

खाल्लं असतं तर मूल राहिलं असतं का? बाईंनाच खात्री नव्हती, मला कुठून असणार? पण बघता तरी आलं असतं. ते बघणंसुद्धा माझ्या वाट्याला आलं नाही, याचं मला जास्त वाईट वाटतं.

सासूबाई वारल्या. गेल्या वर्षी माझी पाळीही थांबली. काल दुपारी मी फोड वाढली आणि स्पष्टच बोलले, "आता खा की. आता कोणाचं काय जाणार आहे?"

ह्यांनी ती उचलली, थोडा वेळ हातात धरली आणि माझ्या ताटात ठेवली.

"मूल मांडीवर येईपर्यंत म्हणालो होतो ना," हे म्हणाले आणि भात कालवायला लागले.