शेंगदाण्याची चिठ्ठी

गेल्या गणपतीत आमच्या चांदे गावातल्या सोसायटीच्या पंगतीत शारदाकाकूंनी माझ्या किमयाला काकडीची कोशिंबीर वाढली. तिला शेंगदाणा चालत नाही, हे मी दोनदा सांगितलं होतं. काकू म्हणाल्या, "चिमूटभर कुटानं काय होतंय? प्रसादाचं आहे." पिरंगुटच्या दवाखान्यात पोचेपर्यंत पाच वर्षांच्या पोरीचे ओठ सुजून निळे पडले होते. ती वाचली. काकू मात्र सोसायटीभर सांगत फिरल्या, की हल्लीच्या आयांना पोरं नाजूक वाढवायची हौस आहे.

म्हणून यंदा गणपतीच्या आधी मी मोठ्यांसाठी एक खेळ ठेवला. प्रत्येकाला खोट्या ॲलर्जीची एक चिठ्ठी. कुणाला दूध चालत नाही, कुणाला गहू. टेबलावर आठ पदार्थ, वाढायला मी. विचारून खायचं. चुकलात की कपाळावर लाल टिकली लावून घ्यायची आणि खेळ संपेपर्यंत सतरंजीवर मेल्यासारखं पडून राहायचं. यंदा किमयाला चारचौघांत पंगतीला बसता यावं, एवढंच मला हवं होतं. खोटं कशाला बोलू, थोडा सूडही हवा होता.

शेंगदाण्याची चिठ्ठी मी मुद्दाम काकूंना दिली. त्यांनी विचारलं, "यात कूट आहे का गं?"

"चिमूटभरानं काय होतंय, काकू?"

त्या ओशाळं हसल्या आणि त्यांनी घास घेतला. मी टिकली लावली. पासष्टीची बाई गुडघे धरत खाली आडवी झाली, लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी वाकून त्यांच्या कानाशी सांगत राहिले: आता जीभ सुजतेय, आता घसा मिटतोय, आता श्वास आत जात नाहीये. माझा नवरा निषाद म्हणाला, "जुईली, पुरे." मी थांबले नाही. काकू रडायला लागल्या तेव्हा मला फार बरं वाटलं.

आठवड्यानं महाप्रसादाची मीटिंग झाली. काकूच उभ्या राहिल्या. "माझं चुकलं, जुईली. पोरीनं काय सोसलं ते मला त्या सतरंजीवर कळलं." मी हात जोडले. त्या पुढे म्हणाल्या, "म्हणूनच सांगते, ही जोखीम आपल्याला झेपायची नाही. किमयानं पंगतीत बसू नये. तिनं घरीच जेवावं."

पंगतीचा स्वयंपाक करणारी कमळ दाराशी उभी होती. ती म्हणाली, "कूट न टाकता करते की मी. त्यात काय लई अवघड हाय?"

"मग चव कशी येणार?" कुणीतरी म्हणालं, आणि तो विषय तिथंच संपला.

मान्य असेल त्यांनी हात वर करा, असं ठरलं. एकेक करत सगळ्यांचे हात वर गेले. शेवटी शेजारी बसलेल्या निषादचाही गेला. माझ्याकडे न बघता तो म्हणाला, "निदान जिवंत तरी राहील." किमया त्याच्या मांडीवर होती. बाबाचा हात वर बघून तिनंही हौसेनं आपला हात वर केला.