ढमी आणि शिंपीणबाईंची मागची खोली

पोटासाठी मी कुत्र्यांकडून चावून घेतो. अंगात गादीइतका जाड कोट चढवायचा, चोर व्हायचं आणि राखणीचं शिकणारं कुत्रं बाहीवर झेलायचं. बायको म्हणते, "खऱ्या चोराला निदान पळता तरी येतं!"

त्यातली ढमी कुत्री मैदानावर नुसती वाघीण. पण आमच्या सामानाच्या खोलीच्या दारात आली की पाय जमिनीला खिळलेच. तिला नेणार होत्या एक शिंपीणबाई. मागे एकदा त्यांच्या घरातल्या मागच्या चिंचोळ्या खोलीत चोर दबा धरून बसला होता. त्याने त्यांचा गळाच धरला. तेव्हापासून बाईंनी त्या खोलीत पाऊल टाकलं नव्हतं. त्यांना आपल्या आधी आत शिरणारं कुत्रं हवं होतं.

"भित्री आहे ही," कुत्र्यांना शिकवणारे आमचे उस्ताद म्हणाले. "परीक्षेत नापास झाली की बाईंना दुसरं कुत्रं बघू."

मला ते पटेना. मैदानावर भीत नाही, मग चार भिंतींनी तिचं काय घोडं मारलंय? शेवटी बायकोला कोट घातला, सामानाच्या खोलीत उभं केलं आणि मी ढमीसारखा रांगत आत गेलो.

"डोकं ठिकाणावर आहे ना तुमचं?" कोटातून आवाज आला.

"तू फक्त अंगावर ये."

खालून बघतो तर खोलीभर नुसती बायकोच! मी बाही ओढली, झोंबलो; ती काही मागे हटेना. मागे भिंत, हटणार कुठे? तेव्हा कुठे डोक्यात उजेड पडला. मैदानावर ढमीने दात रोवले की मी मागे सरतो, म्हणजे ती जिंकते. खोलीत मी सरतच नव्हतो. बिचारीला दर वेळी हरवायचं आणि वर तिलाच भित्री म्हणायचं! मला फार वाईट वाटलं.

मग दार उघडं ठेवून मी कोपऱ्यात उकिडवा बसू लागलो. तिने बाही धरली की लगेच आडवा. काही दिवसांनी उभा राहू लागलो, पुढे दारही लोटून घेतलं.

परीक्षा बाईंच्याच घरी होती. मी मागच्या खोलीत दडलो. बाई साखळी धरून उंबऱ्यापलीकडे. त्यांनी साखळी सोडली. ढमी दारात थबकली. मग अशी झेपावली की मी भुईवर उताणा.

"शाब्बास!" उस्ताद ओरडले.

बाई उंबऱ्याकडे बघत उभ्या होत्या. मग एक पाय आत आला, मागोमाग दुसरा. ढमीच्या पाठीवर हात ठेवून त्यांनी सगळ्या भिंतींवरून नजर फिरवली.

"उठा आता, चोरसाहेब," त्या म्हणाल्या, "मला खोली झाडायचीय."