चकती बदलली तेव्हा लायल बाहेर होता

मित्रांनो, मी एक जुना हाका मारणारा आहे, म्हणजे विमानांना रेडिओवरून परतीची वाट सांगणारं यंत्र. दुसऱ्या महायुद्धात पॅसिफिक महासागरातल्या एका विमानवाहू जहाजाच्या डोलकाठीवर माझा जन्म गेला. आता कॅलिफोर्नियातल्या एका संग्रहालयात धूळ खात पडलोय. मुलं मला पंखा समजतात. समजोत बापडी!

माझं काम सोपं होतं. गोल फिरायचं आणि घड्याळाच्या आकड्यांसारख्या बारा दिशांना बारा वेगळी अक्षरं पाठवायची. वैमानिकाच्या कानात जे अक्षर पडे, त्यावरून त्याला कळे, आपलं जहाज कुठल्या बाजूला आहे. शत्रूला माग लागू नये म्हणून अक्षरं रोज बदलत. माझ्या पोटात दातेरी चकती होती. ती बदलली की अक्षरं बदलत. वैमानिक निघण्यापूर्वी फळ्यावरून ती पेन्सिलीने उतरवून घेत. रेडिओवर बोलायला मला तोंड होतं, रेडिओवरचं ऐकायला कान मात्र नव्हते. दूर आकाशात कोण कुठे भटकतोय, ते मला कधीच कळत नसे.

लायल हॉफस्टॅड नावाचा वैमानिक उतरला की वर बघून ओरडायचा, "काय रे बोंबल्या, घसा बसला नाही ना?" मला तो आवडायचा. खरं सांगतो, फार आवडायचा.

माझी देखभाल ऑरिन टटल करी. चकती चार वाजता बदलायची, पण सगळी विमानं परतल्यावरच, असा नियम होता. त्या दिवशी दहा विमानं गेली होती. ऑरिनने फोनवरून खाली विमानं मोजणाऱ्याला विचारलं, "दहाच्या दहा आली का?"

"आली बाबा, आली! मोजलीत मी. उरक लवकर, कॉफी गार होतेय."

आकडा बरोबर होता. पण त्यातलं एक विमान शेजारच्या जहाजाचं होतं. पेट्रोल संपत आलं म्हणून आमच्याकडे उतरलेलं. ऑरिनने चकती बदलली. मी नवी अक्षरं ओरडू लागलो. दुसरं करणार तरी काय होतो मी?

थोड्या वेळाने रडारवाल्याने हाक दिली, "ऑरिन, हा ठिपका कोणाचा? आपल्याकडे येत होता, आता भलतीकडेच वळलाय."

ऑरिनने खाली पाहिलं. लायलच्या विमानाची जागा रिकामी होती.

"अरे देवा! त्याच्याकडे जुनी अक्षरं आहेत!" तो अधिकाऱ्याकडे धावला. "साहेब, एकदाच बोलू द्या त्याच्याशी रेडिओवर. एकच वाक्य."

"नाही." अधिकारी म्हणाला. "पाणबुड्या ऐकताहेत. तीन हजार माणसं आहेत इथे. जुनी चकती परत बसव, जा."

माझी हाक सरळ रेषेत जाई; उंचावरच्या विमानाला ती पोचे, पण क्षितिजापलीकडे समुद्रावरच्या पाणबुड्यांना नाही, म्हणून तेवढी चालायची. ऑरिन शिडी चढून आला. घाईत स्क्रू दोनदा खाली पडला. जुनी चकती बसली आणि मी जीव खाऊन ओरडलो. लायल, मागे फिर. लायल, इकडे ये. पण ठिपका तोवर रडारच्या आणि माझ्या हाकेच्याही टप्प्याबाहेर गेला होता. माझ्यावर भरवसा ठेवला, म्हणूनच तो चुकला.

पेट्रोल संपण्याची वेळ उलटून गेली, तरी ऑरिन नवी चकती बसवेना. शेवटी हुकूम आला. दुसऱ्या कोणाला त्याने हात लावू दिला नाही. स्वतःच बदलली, आणि तिथेच बसून रडला.

इथल्या संग्रहालयाच्या रखवालदारीण बाई, रमोना, संध्याकाळी कुलूप लावण्यापूर्वी दोनदा हाक देतात, "आत कोणी राहिलंय का?" दुसऱ्या हाकेनंतरही क्षणभर थांबतात. त्या थांबल्या की मला लायल आठवतो.

मित्रांनो, माझी चूक आता दुरुस्त होणार नाही. तुम्ही मात्र एवढं करा. दार लावण्याआधी नुसती डोकी मोजू नका. एकेकाचं नाव घ्या, आणि उत्तर येईपर्यंत थांबा.